काजळातला ळ

लीड्स,
१२ मार्च १९८९

नाही भावजी, मला ताप नव्हता. मी पेंगत नव्हते, चष्मा नाकावर होता आणि कानात कापूसही घातला नव्हता. परवा फोनवर तुम्ही चारदा विचारलंत, 'वहिनी, नक्की का?' उदय जेवायला खोळंबला होता म्हणून मी आवरतं घेतलं. आता कागदावर बोलते. इथे तुम्हाला मधे तोंड घालता येत नाही, हे पत्राचं मोठं सुख.

तर झालं असं. शेजारच्या मिसेस सान्यालनी मला आणि सुनेला, शिल्पाला, संदेश खायला आणि सिनेमा बघायला बोलावलं. सिनेमा त्यांच्या माहेरच्या भाषेतला, व्हिडिओवर. दोन तास लोक रडत होते आणि मी संदेश खात होते. मला कळलेले शब्द दोन, 'जोल' म्हणजे पाणी आणि 'मा'. मग त्या जमीनदाराच्या घरी जलसा होतो. हिरॉईन तंबोरा घेऊन बसते. सगळा सिनेमा बंगालीत, पण गाणं मात्र हिंदीत, रागदारीचं. तिनं तोंड उघडलं आणि भावजी, त्या पोरीच्या तोंडातून माझी वैजू गायला लागली.

माझी सख्खी थोरली बहीण वैजयंती. तुमच्या दादांच्या श्राद्धाला जिनं तुम्हाला 'डॉक्टर झालास तरी मान खाली घालूनच जेवतोस' म्हटलं, ती. आमच्या वळसोळीहून ती रोज मिरजेला उस्तादजींकडे शिकायला जायची. १९५१ साली मामीच्या बाळंतपणाला खरगपूरला गेली, मामा तिथे रेल्वेत होते. मामांच्या ओळखीच्या कुणी तिला कलकत्त्याच्या स्टुडिओत नेलं, कारण त्यांची गाणारी बाई आजारी पडली होती. एका दुपारी वैजू एक गाणं गायली. पडद्यावर नाव लागलं नाही. घरी येऊन सांगितलं तर गावानं हसून घेतलं. 'कलकत्त्याची राणी' म्हणायचे तिला. त्यानंतर ती गायली नाही. कुठेच नाही, देवासमोरसुद्धा नाही. अडतीस वर्षं झाली.

आता तुमचं काम. ईलिंगला तुमच्या म्युझिक सर्कलचा नोव्हेंबरात कार्यक्रम आहे ना, जुन्या बंगाली सिनेमातल्या रागदारी गाण्यांचा? त्याची पुस्तिका काढताय, मला कच्ची यादी पाठवलीत. त्यात अकराव्या गाण्यापुढे लिहिलंय, 'गायिका अज्ञात'. ते हेच गाणं. अज्ञात खोडा आणि तिथे माझ्या बहिणीचं नाव घाला. ती त्रेसष्ट वर्षांची आहे. वर गेल्यावर पुस्तकात नाव येऊन तिला काय मिळणार आहे.

अलकाला सांगा, मेथीचं बी रुजलं.

यमुनावहिनी


ईलिंग,
२ एप्रिल १९८९

ती. वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, दोन आठवडे ऑन-कॉल होतो.

रागावू नका, पण आवाज ओळखला हा पुरावा होत नाही. मी गुंगी देण्याआधी पेशंटला त्याचं नाव तीनदा विचारतो. दर वेळी तो तेच सांगतो, तरी विचारतो. अकरावं गाणं गौड मल्हारातलं आहे, उत्तम आहे, आणि ज्या अर्थी इतक्या वर्षांत कुणी त्याचा मालक सांगितला नाही त्या अर्थी आपण फार जपून बोललं पाहिजे. पुस्तिकेचं काम माझ्याबरोबर दत्तगुप्त करतात. त्यांच्याकडे या सिनेमांचं जेवढं सामान आहे तेवढं या देशात कुणाकडे नसेल. त्यांच्या मते ही कलकत्त्यातल्याच कुणा घरंदाज बाईची गायकी आहे. नाव कळलं नाही तर अज्ञात लिहावं, पण चुकीचं लिहू नये, असं ते म्हणतात आणि मलाही ते फेअर वाटतं.

आणखी एक. लिहावं की नाही कळत नव्हतं. आई सांगायची की वैजूताईंची ती कलकत्त्याची गोष्ट त्यांच्या घरच्यांनीच नाकारली होती. गावाचं सोडा, घरच्यांनी. मग मी दत्तगुप्तांसमोर कुठल्या तोंडानं बोलू?

पुस्तिका ३१ ऑगस्टला प्रिंटरकडे जाते. तोवर काही ठोस मिळालं तर जरूर कळवा.

आपला,
शशिधर


लीड्स,
१६ एप्रिल १९८९

भावजी,

गुंगीच्या डॉक्टरांचं पत्र वाचून खरंच डोळा लागला. ज्या अर्थी आणि त्या अर्थी. अलका कशी जागी राहते हो?

मिसेस सान्यालांकडून कॅसेट मागून आणली आणि ते गाणं सतरा वेळा लावलं. उदय म्हणाला, आई, टेप झिजेल. म्हटलं, झिजू दे, हे तुझं ऑपरेशन थिएटर नाही. अठराव्या वेळी शिल्पा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "आई, ही बाई तुमच्यासारखा एल करते."

आमची शिल्पा तुम्हाला माहीत आहे. जन्म लीड्सचा. मराठी बोलते पण चहा तिचा थंड 'झाली' असते आणि ळ तिला जन्मात आला नाही. 'मी केली खाल्ली' म्हणते. मी विचारते, काय केली? तर केळी. लग्नानंतर पहिलं वर्ष मी रोज तिला आरशासमोर उभं करून ळ म्हणायला लावायची, ती रडायची आणि मी हसायची. पण तिचं शिक्षण कशाचं, तर स्पीच थेरपीचं. अर्धांग झालेल्या माणसांना ती हॉस्पिटलात पुन्हा बोलायला शिकवते. कुणाची जीभ तोंडात कुठे आपटली हे तिला नुसतं ऐकून कळतं.

तिनं कागद घेतला आणि जिभेचं चित्र काढून दाखवलं. गाण्याचं धृपद आहे, 'कहियो जाय बादल से'. पडद्यावरची पोरगी 'बादल' म्हणून ओठ हलवते. आवाज म्हणतो 'बादळ'. साधा नाही, चांगला टाळूवर जीभ उलटी नेऊन म्हटलेला. त्या ळ वर एक लहानशी तान पण आहे, म्हणजे लपायला जागाच नाही.

आता तुमच्या दत्तगुप्तांना सांगा, कलकत्त्यातल्या घरंदाज बाईला म्हणावं, ळ म्हण. हिंदीत ळ नाही, बंगालीत नाही. आणि आमच्या गावाच्या नावातच दोन आहेत. उस्तादजी या एका अक्षरापायी वैजूच्या मांडीवर चापट मारायचे ते मला आत्ता आठवलं. 'बेटी, बादल. बादल.' ती म्हणायची, तेच तर म्हणतेय.

तुमच्या आईंच्या आठवणींचं नंतर बघू. त्यांना शेवटी शेवटी मी कोण तेही आठवत नव्हतं.

यमुनावहिनी


ईलिंग,
७ मे १९८९

ती. वहिनींना नमस्कार.

रविवारी सकाळी हेडफोन लावून ऐकलं. बादळ आहे. मान्य.

दत्तगुप्तांनीही मान्य केलं, पण त्यांनी लगेच त्यांच्या एका उडिया मित्राला फोन लावला. उडिया भाषेत ळ आहे. कटकहून कलकत्ता एका प्रवासाचं अंतर. तेव्हा कितीतरी उडिया कलावंत त्या स्टुडिओत असायचे. मग ती बाई वळसोळीचीच का, कटकची का नाही? खरं सांगायचं तर तुमची बाजू मांडताना मला जरा लाजल्यासारखं झालं, कारण ते फार सभ्यपणे हसले.

मेथी इथेही लावली. गोगलगाईंनी खाल्ली.

आपला,
शशिधर


लीड्स,
११ जून १९८९

भावजी,

हसू द्या त्यांना, सभ्य माणसांना दुसरं काय येतं.

तुमचं पत्र वाचून आठवडाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. शिल्पानं माझा बीपी बघितला. मग मी गाण्याच्या पुढच्या भागाकडे वळले. अंतरा. 'काजल बहि गयो सारो.' वैजू तिथेही काजळ म्हणते, ते मला आधीच ऐकू आलं होतं. पण ळ चं कौतुक आता उडिया भावांनी वाटून घेतलंय. म्हणून मी शब्दाच्या मागच्या टोकाकडे बघायचं सोडलं आणि मधे बघितलं.

भावजी, मोठ्यानं म्हणा. जिलबी. आता म्हणा, जातं. जिलबीतला ज आणि जात्यातला ज एक आहे का? नाही. जात्यातला ज दातांना घासून येतो. आता म्हणा, काजळ. कुठला आला? जात्यातला. तुम्ही हे जन्मभर करताय आणि तुम्हाला ठाऊक नाही.

शिल्पाला पहिल्यांदा ऐकू येईना. मी तिला जिलबी आणि जातं पन्नासदा म्हणून दाखवलं. मग तिनं तिच्या कामावरचं मशीन आणलं, आवाजाच्या रेघा काढणारं. रेघा बघून ती खुर्चीवरून उठली. तिचा रिपोर्ट सोबत जोडला आहे, इंग्रजीत, दोन पानं, सही आणि डिग्रीसकट. तुम्हाला माझं खोटं वाटतं, निदान डिग्रीला तरी घाबरा.

दत्तगुप्तांच्या मित्राला घरी चहाला बोलवा आणि काजळ म्हणायला सांगा. त्याला ळ येईल, पण ज येईल जिलबीतला. आणि दत्तगुप्तांना दोन्ही येणार नाहीत. मग सभ्यपणे तुम्ही हसा.

वैजूला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

यमुनावहिनी


ईलिंग,
९ जुलै १९८९

वहिनी,

हरलो. पूर्ण.

काल दोघेही चहाला आले. अलकानं मुद्दाम जिलबी केली होती. उडिया गृहस्थांनी शब्द म्हटला, 'कजळो', शेवटी ओकार आणि मधला ज गुळगुळीत. दत्तगुप्त म्हणाले, 'काजोल'. मी म्हटलं, काजळ. दत्तगुप्तांनी माझ्या तोंडाकडे असं पाहिलं की मला डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. मग त्यांनी अर्धा तास प्रयत्न केला. कधी ज जमायचा तर ळ निसटायचा. अलका हसून हसून आत निघून गेली. शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली आणि इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टर, ही बाई मराठी आहे. माझ्या आईनं हे गाणं मला मांडीवर घेऊन ऐकवलं, आणि ती बाई मराठी आहे." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. चिडले होते की हेलावले होते, मला सांगता येणार नाही.

पण वहिनी, मराठी बाई, इथवर आलो. कुठली मराठी बाई, हे राहिलं. यावर उपाय दत्तगुप्तांनीच सुचवला. सिनेमात अंतऱ्याची एकच ओळ घेतली आहे, पुढे जमीनदाराचा भाऊ मरतो आणि गाणं तुटतं. त्यांच्याकडे त्या काळी थिएटरात मिळायचं ते गाण्यांचं पुस्तक आहे, बंगाली लिपीत छापलेलं. त्यात अंतऱ्याची दुसरी ओळ दिली आहे. ती ना रेकॉर्डवर आली, ना कुणी गायली. वैजूताई गायल्या असतील तर ती ओळ त्यांनी तेव्हा पाठ केलेली असणार. ती त्यांच्याकडून मागवा. मी पुस्तक पाहिलेलं नाही, बघणारही नाही. दत्तगुप्तांनी ते कपाटात ठेवून किल्ली मला दिली आहे.

ऑगस्टअखेर विसरू नका.

शशी


लीड्स,
२४ ऑगस्ट १९८९

भावजी,

तुम्ही सहीत नुसतं शशी लिहिलंत. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

जुलैत वैजूला आणखी तीन पत्रं टाकली. पहिल्यात समजावलं, दुसऱ्यात भांडले, तिसऱ्यात फक्त विचारलं. वळसोळीत फोन पोस्टात, आणि पोस्टमास्तर तिला बोलवायला जाईपर्यंत लाइन कटते. दोनदा तर तो परत येऊन म्हणाला, बाई म्हणतात मी घरी नाही.

आज सकाळी तिचं एरोग्राम आलं. चार ओळी. तशाच उतरवून देते:

'यमे, सूनो अँगना, दिया न बाती. त्यानंतर तीन मात्रा थांबायचं आणि मग समेवर यायचं. त्या दिवशी तबलजीला ते जमेना म्हणून ओळ काढली. तू विचारलंस म्हणून लिहिलं. वैजू.'

तिच्या घरातल्या भाच्याला बैलानं मारलं की काय, पाऊस किती, माझे गुडघे कसे, काही नाही. 'तू विचारलंस म्हणून.' मी ते पत्र फ्रीजवर लावलं होतं, मग काढून उशीखाली ठेवलं.

कपाट उघडा. आणि जुळलं नाही तर फोन करू नका, पत्रच लिहा.

यमुनावहिनी


ईलिंग,
२० नोव्हेंबर १९८९

ती. वहिनी,

हे पत्र वळसोळीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. सोबतची कॅसेट सांभाळून उघडा.

ऑगस्टातला माझा फोन तुम्हाला आठवत असेलच. 'जुळलं' एवढं म्हटलं आणि तुम्ही फोन ठेवलात. मग दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढून तुम्ही थेट गावाला जायला निघालात. उदय म्हणत होता, आईला समजवा, गुडघ्यांचं काय. मी म्हटलं, तुझ्या आईला समजवायला मी कोण.

शनिवारी लायब्ररीचा हॉल भरून लोक उभे होते. निम्मे बंगाली, निम्मे आपले, थोडे गोरे. दहा गाणी झाली. अकराव्याला दत्तगुप्त स्वतः माइकवर आले. मी लिहून दिलेलं भाषण त्यांनी खिशात घातलं आणि म्हणाले, अडतीस वर्षं आम्ही या गाण्याला आमच्या शहराचं गाणं म्हणत आलो आणि ते गाणारीचं नाव विचारायचं विसरलो. मग त्यांनी नाव घेतलं. वैजयंती, वळसोळी. दोन्ही ळ, वहिनी. दोन महिने ते याचसाठी घरी आरशासमोर उभे राहत होते, त्यांच्या बायकोनं अलकाला सांगितलं. दुसरा ळ थोडा घसरला. हॉलमधली सगळी मराठी माणसं टाळ्या वाजवायला लागली आणि काय झालं ते बंगाल्यांना कळेना, पण त्यांनीही वाजवल्या.

गाणं लागलं. 'बादळ' आलं तेव्हा कुणी तरी 'अहाहा' केलं आणि 'काजळ' आलं तेव्हा हॉलभर एक हसू गेलं, चांगलं हसू. संपल्यावर लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो. मला गाण्यातलं कळतं असं मी तीस वर्षं समजत होतो.

पुस्तिकेचं अकरावं पान कॅसेटबरोबर आहे. तिथे 'अज्ञात' नाही. त्या पानाच्या खाली पूर्ण अंतरा छापला आहे, दोन्ही ओळी.

हे सगळं रेकॉर्ड केलं आहे, टाळ्यांसकट. वैजूताईंना ऐकवा.

शशी


लीड्स,
१४ जानेवारी १९९०

शशीभावजी,

परवा पोचले. इथे पाइप गोठलेत आणि शिल्पा म्हणते, आई, तुमची बॅग ओली झाला. घरी आल्याचं लगेच कळलं.

तुमची कॅसेट २ डिसेंबरला मिळाली. वैजूनं ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि डब्यांच्या मागे ठेवून दिली. म्हणाली, बघू. चार दिवस मी गप्प बसले, माझ्यासाठी हे किती तुम्हाला माहीत आहे. पाचव्या दिवशी मी ती चोरली आणि शाळेच्या हेडमास्तरांकडे नेली. त्यांच्याकडे प्रजासत्ताक दिनाचा कर्णा असतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर लावतो म्हणाले.

वैजूला सांगितलं, शाळेत हळदीकुंकू आहे. मैदानात आली तर सगळं गाव. पुढे एकच खुर्ची. तिनं माझ्याकडे असं बघितलं की लहानपणी मी तिची रिबीन कापली तेव्हाही तसं बघितलं नव्हतं. पण बसली. हाताची घडी घालून.

आधी दत्तगुप्त. त्यांचं इंग्रजी हेडमास्तर मराठीत सांगत होते. विलायतेतला माणूस कर्ण्यातून 'वळसोळी' म्हणाला तेव्हा गाव असं ओरडलं की वडाच्या झाडावरची वाघळं उडाली, दिवसाढवळ्या. मग टाळ्या. मग गाणं. आमच्या शेजारची आशा, जिनं 'कलकत्त्याची राणी' हे नाव पाडलं, आता सून तिला हाताला धरून चालवते, ती पदर तोंडाला लावून बसली होती. तीन पोरं खांद्यावर बसून बघत होती, कर्ण्यात बघायला काय असतं देव जाणे.

गाणं संपलं. सगळे वैजूकडे बघत होते. ती म्हणाली, "तंबोरा उतरलेला होता. मी त्या माणसाला तेव्हाच सांगितलं होतं."

एवढंच. मला वाटलं झालं. तर तीच उठली, कर्ण्याजवळ गेली आणि उभ्यानं, तंबोरा नाही, पेटी नाही, अंतरा म्हटला. आधी पहिली ओळ, मग ती गळलेली दुसरी. तीन मात्रा थांबली. भावजी, त्या तीन मात्रा मी बोटांवर मोजल्या. मग समेवर आली. आवाज जाडा झालाय, वर जरा फाटतो, पण सुराला तशीच जाऊन चिकटते. हिंदीच्या मास्तरणीनं नंतर हळूच सांगितलं, बाई, हिंदीत काजल म्हणतात हं. वैजू म्हणाली, "तुमच्यात म्हणत असतील."

आता रोज पहाटे रियाज चाललाय. भाचा म्हणतो झोप होत नाही. मिरजेच्या आकाशवाणीवाल्यांना, नाही, सांगलीच्या, हेडमास्तरांनी पत्र टाकलंय. शाळेतल्या सहा मुली शिकायला येतात आणि ती त्यांच्या मांडीवर चापट मारते. दत्तगुप्तांना तिनं वळसोळीचा गूळ पाठवलाय, तुमच्या पार्सलात आहे, तुम्ही खाऊ नका.

निघताना तिनं मला एसटीत बसवलं. मी खिडकीतून म्हटलं, वैजू, मला तुला काही सांगायचंय. ती म्हणाली, "मला माहीत आहे, गाडी सुटली." तिला माहीत आहेच. तुम्हाला नाही. तुम्ही माझ्यासाठी मित्राशी भांडलात, कपाटाची किल्ली सांभाळलीत, म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्ही एप्रिलात लिहिलं होतंत, आई सांगायच्या की घरच्यांनीच ती गोष्ट नाकारली. मी टोलवलं. त्यांना काही आठवत नसे असंही लिहिलं. त्यांना अगदी बरोबर आठवत होतं.

१९५२ च्या वैशाखात तुम्ही सगळे मला बघायला वळसोळीला आलात. तुम्ही बारा-तेरा वर्षांचे, अंगणात हुंदडत होता. आईंनी मला बसवून विचारलं, थोरली सिनेमात गायली म्हणे, खरं का? मला कळत होतं की हो म्हटलं तर तुमचं घर उठून जाईल. मला तुमचे दादा आवडले होते. वैजू पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे न बघता मी सांगितलं, छे, तिला थापा मारायची सवय आहे. ती बश्या ठेवून आत गेली. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

गावानं तिला खोटं पाडलं नाही भावजी. मी पाडलं.